तळहाताचा आकडा

सोमवार, ३ नोव्हेंबर
रबाळ्याच्या प्रयोगशाळेत रुजू झालो. आयटीआय अर्धवट सुटलेलं, तरी वळणदार अक्षर पाहून शादाबभाईंनी घेतलं. ओतकामाचे कारखाने लांबूनच उष्णता मोजणाऱ्या गन आमच्याकडे तपासायला पाठवतात. भट्टीच्या भोकावर गन धरायची, शेजारी आमच्या मास्टर गनचा, म्हणजे खात्रीच्या गनचा, आकडा लिहायचा. त्याआधी मास्टरवर रोज स्वतःचा तळहात पाहायचा, हा शादाबभाईंचा नियम. भट्टीच्या खोलीतला दिवा अंगाच्या उष्णतेवर लागतो. विझला म्हणजे आत कोणी नाही. दुपारी त्यांनी डब्यातलं सुरमईचं कालवण वाढलं. खूप बरं वाटलं.
तळहात ३३.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
तळहात ३०. काच पुसली, बॅटरी बदलली. तरी ३०. मास्टरच चुकत असणार. आकडा तीन अंश वर सरकवला. शादाबभाईंना सांगितलं नाही. मास्टरला हात लावला म्हणून काढून टाकतील.

सोमवार, १० नोव्हेंबर
सरकवूनही तळहात २९. आणखी चार अंश सरकवले. घणसोली गावातल्या खोलीत मला डास चावत नाहीत. घरमालकीण वेणूबाई हसत म्हणाल्या, तुज्या अंगान रगत हाय का पानी?

बुधवार, १२ नोव्हेंबर
शादाबभाईंनी सहज मास्टर स्वतःच्या तळहातावर धरली. ४०. मला ताप आलाय काय रे, म्हणाले. ते गेल्यावर सातही अंश काढले. मग मास्टर भट्टीच्या स्वतःच्या मीटरशी बरोबर जुळली. मास्टर चुकत नव्हती.
तळहात २५. एसीही २५ वर.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
डॉक्टरांच्या थर्मामीटरवर ताप नाही, काही नाही. म्हणाले, टेन्शन घेऊ नकोस. माझ्याआधीच्या दिपेशची वही काढली. ३३, ३१, २८, २४, १९. शेवटी नुसतं ‘तळहात’, पुढे रेघ. शादाबभाई म्हणतात, न सांगता पळाला, डबासुद्धा इथेच टाकून.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
तळहात १७. भट्टीच्या खोलीत दिवा लागला नाही. हात हलवले, उड्या मारल्या — नाही. शादाबभाई आले, लगेच लागला. सगळं सांगितलं. हसले. म्हणाले, दिव्यालासुद्धा तुझी ओळख पटेना, पगार कुणाला देऊ?

शनिवार, १५ नोव्हेंबर
दुपारी दोन, शनिवारी लवकर बंद. मास्टर भट्टीमागच्या पेटीत ठेवायला खोलीत आलो. शादाबभाईंनी दारातून दिवा विझलेला पाहिला, कुलूप लावलं — ओरडलो — शेजारच्या कॉम्प्रेसरचा आवाज — फोन नियमाप्रमाणे बाहेर —

भोकाच्या उजेडात लिहितोय. भट्टी सोमवारपर्यंत अकराशेवर. अगदी जवळ उभा आहे. ऊब लागत नाही.

आजचा आकडा राहिलाय.
तळहात —