पानामागचा मध

जळगाव, एप्रिल १९८९

प्रिय चुडामण,

साडी पोचली. आबा गेल्यापासून आखाजीच्या सणाला मला माहेरी न्यायला तुझ्याकडून कधी मुराळी आला नव्हता. यंदा तुझा मेहुणा झुलाल आला. उंबऱ्यातच पाया पडला आणि चहाच्या दर घोटाला 'अक्का' म्हणाला. तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी हवं आहे.

कपाशीला मुंग्या लागल्या म्हणून तू गेल्या हंगामात सगळ्या शेतात पावडर धुरळलीस, हेही त्यानेच सांगितलं. 'अक्का, मुंग्यास्नी बठ्ठा कापूस खाई टाका,' म्हणे. शाबास! मुंग्या सगळा कापूस खातात, हा शोध तुम्हा दोघांनाच लागायचा.

अमळनेरच्या कॉलेजातून सुट्टीत आले की मी भिंग घेऊन शेतात जायची, तेव्हा तू फिदीफिदी हसायचास. आबा हसले नाहीत. मी कपाशीचं पान उलटून मधल्या शिरेवरची बारीकशी मधुग्रंथी दाखवली, तर त्यांनी तिच्यावरचा थेंब बोटाने टिपून जिभेवर ठेवला. म्हणाले, 'गोड शे.' हा मध फुलातला नव्हे, राखणदारांसाठीचा. त्याच्या ओढीने मुंग्या झाडभर फिरतात आणि वाटेत सापडलेली बोंडअळीची अंडी, पिल्लं उचलून नेतात. त्या दिवसापासून आबांनी मुंग्यांवर कोणाला पावडर टाकू दिली नाही. तू राखणदार मारलेस, अळ्यांनी बोंडं पोखरली, आणि आता गावभर सांगतोस की जमिनीतच दम नाही. जमिनीला तोंड असतं तर तिनेही तुझ्याबद्दल काही सांगितलं असतं.

कप खाली ठेवता ठेवता झुलालने खरं काम काढलं. माहेरी जाता जाता शिरपूरच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर एक सही. कपाशीचं झाड तुझ्याहून प्रामाणिक, चुडामण. ते मध देऊन राखण मागतं. तू साडी देऊन बहिणीला शेताबाहेर काढतोस. सही मी करणार नाही. आबांच्या जमिनीतला माझा वाटा मला हवा आहे, आणि तो विकायला नाही, पेरायला. आखाजीला येते आहे, माझी मी, एसटीने. साडी परत आणते, पोपटी रंग तुझ्या बायकोला शोभेल. मी यायच्या आत पावडरीची पोती गोठ्यातून हलव. आणि झोका बांधून ठेव, आबा बांधायचे त्याच निंबाला. गाठ नीट मार. तुझ्या कामाचा मला भरवसा नाही.

तुझीच,
अक्का