पहिल्या पानावर चिकटवायची चिठ्ठी

मी, खाली सही करणारी, वय बहात्तर, रुग्णालयाच्या वैद्यकीय ग्रंथालयाची निवृत्त ग्रंथपाल, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर धाकट्या बहिणीला द्यावे. तिने मला आयुष्यभर हसवले. ती किल्ल्या हरवते, म्हणून एक जोड शेजारच्या शिंप्याकडे ठेवला आहे.

२. बँकेतली शिल्लक ग्रंथालयाला. तीतून वाचकांसाठी बऱ्या खुर्च्या घ्याव्यात. पस्तीस वर्षे डॉक्टर मंडळी डगमगत्या खुर्च्यांवर बसून वाचत आली आणि तरी माझ्याशी गोड बोलली, याचे मला अजून नवल वाटते.

३. डिंकाची बाटली, ब्रश आणि पोलादी पट्टी माझ्या जागी आलेल्या ग्रंथपालबाईंना. त्या म्हणतात, "बाई, आता सगळं संगणकावर असतं." असू दे. जपून ठेवावे.

४. नियतकालिकांतली पाने ब्लेडने कापून नेणाऱ्या सर्जनसाहेबांना काहीही देऊ नये. पाने परत आल्यास माफी आहे.

५. छापील लेखात चूक निघाली की नियतकालिक पुढच्या अंकात दुरुस्ती देते. ती पिवळ्या चिठ्ठीवर उतरवून मूळ लेखाच्या पहिल्या पानावर चिकटवणे हे माझे काम. एकोणतीस वर्षांपूर्वी, बहिणीच्या लग्नाच्या गडबडीत, अशी एक चिठ्ठी लिहून मी टेबलाच्या खणातच ठेवली. त्या लेखात लहान मुलांच्या औषधाचे प्रमाण दहापट छापले गेले होते. बालरोग विभागातल्या नव्या डॉक्टरांनी तोच लेख वाचून औषध लिहून दिले. वॉर्डातल्या सिस्टरना ते खटकले. त्यांनी मला फोन केला, "बाई, एवढ्याशा जिवाला एवढं औषध? जरा तो लेख परत बघा ना." मी खण उघडला, चिठ्ठी पाहिली आणि फोनवरच औषध थांबवायला सांगितले. सुदैवाने इंजेक्शन अजून दिले नव्हते. मूल वाचले. त्या सिस्टरचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

चौकशीत डॉक्टर म्हणाले, "मीच घाईत चुकीचं वाचलं." बाहेर येऊन मी रडू लागले, तर म्हणाले, "बाई, तुमची नोकरी गेली तर आम्हाला हवं ते शोधून कोण देणार?" ताकीद त्यांच्या सेवापुस्तकात लागली आणि दोनदा बढतीच्या आड आली. मी गप्प बसले. ते मात्र कधी माझी विचारपूस केल्याशिवाय पुढे गेले नाहीत.

तरी मी जाहीर करते की चूक माझी होती. माझ्या मृत्यूनंतर या कलमाची प्रत रुग्णालयाला द्यावी आणि ती डॉक्टरांच्या सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर चिकटवावी.

६. एवढे लिहून कागद खणात ठेवायला गेले आणि हात थांबला. पुन्हा तेच! डॉक्टर पुढच्या महिन्यात निवृत्त होतात. तेव्हा वरचे शेवटचे वाक्य रद्द समजावे. प्रत मी आज स्वतः नेऊन देणार आहे, या गुडघ्यांसकट. कलम तीनमधली डिंकाची बाटली तेवढी आज मला लागेल.

सही: निवृत्त ग्रंथपाल

साक्षीदार: त्याच सिस्टर, आता निवृत्त. (साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, असे वकील म्हणतात. म्हणून त्यांना फक्त माझे आभार.)

साक्षीदार: शेजारचा शिंपी

स्थळ: माझे स्वयंपाकघर, खिडकीजवळचे टेबल

दिनांक: सतरा, सोमवार. रुग्णालयाचे कार्यालय दहाला उघडते.