अम्माने एकदाच घेतलेलं नाव

अप्पा, हे अक्षर तुम्हांला वाचता आलं नसतं. आपण घरी मराठी बोलायचो आणि वाचायचो फक्त तमिळ. कॉलेजात असताना एका निवृत्त बाईंकडे बसून मी देवनागरी शिकले. आता तंजावुरात कुठे दगडावर मराठी कोरलेलं दिसलं की थांबून वाचते. तुम्ही असता तर सायकल धरून शेजारी उभे राहिला असता आणि म्हणाला असता, "काय लिहिलंय, सांग की गे."

मी पापनाशमला काम करते, तुमच्या भातगिरणीजवळच्या वाचनालयात. तिथे तालुक्याच्या इतिहासाची एक खोली केली आहे. जुने गावनकाशे, देवळांतल्या शिलालेखांचे ठसे, जमिनीच्या कागदांच्या नकला आणि घराघरांच्या वंशावळी. चेन्नईहून, परदेशातूनही लोक येतात आणि आजोबांचं गाव कुठलं म्हणून विचारतात. पण कागदांत सापडतात ती बहुतेक जमीनवाल्यांची घरं. गिरणीत पोती उचलणारे, लग्नाघरी स्वयंपाक करणारे, देवळासाठी हार ओवणारे, यांची वंशावळ माणसांच्या तोंडातच असते. म्हणून मी फोन घेऊन घरोघरी जाते आणि म्हाताऱ्या बायकांचं बोलणं त्यात उतरवून घेते. नियम मीच केला आहे. प्रत्येक नाव त्या घरातल्या कुणीतरी मोठ्याने म्हणायचं, मगच ते वंशावळीत चढवायचं. नाव आवाजात राहिलं तर माणूस थोडा तरी राहतो, असं मला वाटलं होतं.

आणि तिथेच अडलं. त्या बायकांना सगळं ठाऊक असतं, कोण कुठून आला, कुणाची कुठे दिली. पण नवऱ्याचं आणि सासऱ्याचं नाव त्या घेत नाहीत. थोरल्या मुलाला आजोबांचंच नाव ठेवतात, त्यामुळे आईला पोटच्या पोरालाही नावाने हाक मारता येत नाही. तो जन्मभर कुट्टी, म्हणजे छोटा, नाहीतर राजा. तिरुवैयारुच्या एका आजींना मी आजोबांचं नाव विचारलं तर त्या म्हणाल्या, "सात डोंगरांवर कोण उभा आहे?"

"कळलं आजी, तिरुपतीचा देव. पण नाव तुमच्या तोंडून हवं."

"एवढी शिकलीस आणि माझ्या तोंडून कशाला? त्यांनाच विचार जा. वर आहेत. गेलीस की सांग, माझ्यासाठी जागा धरून ठेवा म्हणावं. बसमध्ये कधी धरली नाही."

आत त्यांची सून इतकी हसली की तव्यावरचा डोसा करपला.

तुमचंही तसंच होतं. नाव आजीच्या सासऱ्यांचं, म्हणून आजी तुम्हांला कुट्टी म्हणायची. अम्मा अहो म्हणायची, आत्या अण्णा. गिरणीत तुम्ही रायर, इथे आपल्या सगळ्याच मराठी लोकांना म्हणतात तसे. इथल्या रीतीने तुमचं नाव माझ्या नावाआधीचं एक अक्षर, इनिशियल, होऊन राहिलं. मला शाळेत घातलं तेव्हा बाईंनी वडिलांचं नाव पाठ करायला लावलं आणि मी ते ओरडत घरभर फिरले. आजी कडाडली, "वडलांचं नांव असं ओरडतात कां गे? जीभ झडेल!" तेवढ्यात परसातून तुम्ही ओ दिलीत. नुकतेच गिरणीतून आला होतात, भुवयांवर कोंड्याची धूळ तशीच होती. मी पुन्हा ओरडले, तुम्ही पुन्हा ओ दिलीत. "ओरडू दे तिला," तुम्ही आजीला म्हणालात, "या घरात मला नावाने कोण हाक मारतं? हिच्या अम्माने एकदाच मारली, लग्नात, उखाण्यात. त्या एका हाकेवर अजून इथे आहे." अम्माने आत भांडं आपटलं. पण ती हसत होती, मी पाहिलं.

मग तो दवाखाना. तुम्हांला आत नेलं आहे. खिडकीतली नर्स पेशंटचं नाव विचारते. अम्मा पदर सावरते. नर्स पुन्हा विचारते, अम्मा माझ्याकडे बघते, आणि नाव मी सांगते. संध्याकाळी कुणीतरी दारात येऊन तेच नाव पुकारतं. बाकावरून कुणी उठत नाही. अम्मासुद्धा मान वळवून बघते, कुणाचं माणूस असेल म्हणून. मी तिचा हात ओढते. "अम्मा, आपलंच."

तुम्ही गेलात त्या संध्याकाळनंतर ते नाव मी मोठ्याने कधी म्हटलेलं नाही. शाळेत, कॉलेजात, पदवी घेतानाही लिहूनच भागलं.

खोलीतल्या वंशावळींत आपल्या घराची ओळ अजून रिकामी आहे. अम्माला विचारलं की ती लाजायची. "एकदा घेतलंय ना. सारखं सारखं काय?" मीही कधी घाई केली नाही. पण हल्ली ती विसरायला लागली आहे. आधी दूध गॅसवर विसरायची, मग शेजारणीचं नाव, मग बाजारातून घरी यायचा रस्ता. म्हणून परवा दुपारी फोन तिच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, "अम्मा, आज घे. माझ्यासाठी." ती तयार झाली. खरंच तयार झाली, अप्पा. केस सारखे केले, लग्नात बसली असेल तशी ताठ बसली, तोंड उघडलं. आणि थांबली. मला वाटलं लाजली. मग माझ्याकडे बघून तिने हळूच विचारलं, "काय गे होतं?"

तुमच्या भुवयांवरची धूळ तिला आठवते. ताकात तुम्हांला मीठ जास्त लागायचं तेही आठवतं. तेवढं नावच गेलं.

मी सांगायला हवं होतं. आता ते म्हणणारी मीच उरले आहे. मी "उद्या सांगते" म्हणाले आणि फोन उचलून घेतला. तो उद्या येऊन गेला. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तरी यातही मी ते कुठेच लिहिलेलं नाही. विसरले नाही, अप्पा. पण या घरात ते मोठ्याने म्हटलं की माझा कान परसाकडे लागेल, आणि तेवढं मला अजून जमणार नाही.