कोटाचे कच्चे टाके

ता. ३ ऑक्टोबर

चि. माईस अनेक आशीर्वाद.

तुझ्या दादाचं सगळं उरकून आज तिसरा दिवस. मृत्यूचा दाखला मिळेपर्यंत त्याच्याच खोलीत राहतो आहे. पलंग, शिलाई मशीन, खुंटीवर टेप. कात्री त्यानेही माझ्यासारखीच मशीनच्या डाव्या बाजूला टांगली आहे.

खाली घरमालकीण राहते, बेकरीत कामाला जाते. तिला सहा वर्षांची मुलगी आहे. त्यांची भाषा मला येत नाही, माझी त्यांना. दादाचा कारखान्यातला मराठी सोबती येतो तेव्हा सांगतो, तेवढंच कळतं. दादाने या मुलीसाठी कोट शिवायला घेतला होता. कच्चे टाके घालून झालेत, पक्की शिलाई बाकी आहे. दादा गावी गेलाय असं मुलीला सांगून ठेवलं आहे. ती रोज शाळेतून आली की दारात हात पसरून उभी राहते, माप द्यायला. मी टेप लावतो. दुसरं काय करणार.

आईला समोर बसून जेवायला घाल.

तुझे बाबा


ता. १३ ऑक्टोबर

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

आईला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, तो कोट काही करून घेऊन या. त्याच्या हातचे शेवटचे टाके आहेत, कुणाला हात लावू देऊ नका. मुलीला दुसरा शिवून द्या म्हणावं, तुमची कात्री काय गंजली का. इतक्या दिवसांतला हा तिचा पहिला टोमणा. जेवते, पण दोन घास. कोटासाठी कपाटातला एक कप्पा रिकामा करून ठेवला आहे. बाबा, तेवढं जमवाच.

स्वेटर घालता ना?

तुमची माई


ता. २४ ऑक्टोबर

चि. माईस आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. उशीर झाला. इथे थंडी पडली, मुलगी पातळ स्वेटरवर शाळेत जात होती, म्हणून मागच्या आठवड्यात मशीनवर बसलो. चाळीस वर्षांची सवय. टीप मारत गेलो आणि मागोमाग कच्चे टाके उसवत गेलो. मुलगी पायाशी बसून बघत होती. काल तुझं पत्र वाचलं तेव्हा कळलं, मी काय केलं. त्याचा एकही टाका कोटात उरलेला नाही.

केराचा डबा जमिनीवर उपडा केला. घरमालकीण धावत आली. मी बोटांनी दोऱ्याची खूण करत राहिलो. मुलगी खाली गेली आणि बाहुली घेऊन आली. दादाच्या दोऱ्यांचे तिने बाहुलीला केस केलेत, दोन वेण्या घातल्यात. मला दाखवली आणि पुन्हा छातीशी धरली. माझा हात पुढे झाला नाही.

दाखला वीस नोव्हेंबरला देणार आहेत. आईला काय सांगायचं ते तूच ठरव.

बाबा


ता. ४ नोव्हेंबर

ती. बाबांस, शि. सा. न.

मी ठरवायच्या आत आईनेच पत्र फोडलं. मग म्हणाली, त्या पोरीच्या लेखी तो अजून गावी आहे. तेवढ्या एका घरात राहू दे तसाच. बाहुली मागू नका.

आज सकाळी पोळ्या लाटताना एकदम विचारलं, वेण्या घट्ट घातल्यात का? सैल असतील तर एकेक दोरा गळून जाईल. निघण्याआधी तुम्ही तेवढं बघून यायचं आहे.

कप्पा रिकामाच आहे. त्यात काही ठेवू देत नाही.

लोभ आहेच, लवकर या.

माई