पटक्यावरची चार बोटं

अप्पा, गेल्या महिन्यात मोडनिंबचे मामा दुकानात आले होते. तेच मामा, नात्याचे नव्हेत पण तुमचे जुने गिऱ्हाईक आणि दोस्त, ज्यांच्या जीपचा ताडपत्रीचा टप तुम्ही तीन वेळा शिवून दिलात आणि ज्यांच्याशी शेवटची चार वर्षं तुम्ही धड एक शब्द बोलला नाहीत. तुम्ही का तुटलात हे त्यांना कधी कळलं नाही. तुम्हाला मात्र कारण माहीत आहे असं वाटत होतं. ते कारण खोटं होतं, अप्पा, आणि ते खोटं मी बोलले होते. तुम्ही होता तोवर हे सांगायला माझं तोंड उघडलं नाही. आता लिहायला बसले तरी एकदम त्यावर यायला जमत नाहीये, म्हणून आधी गाडीचं सांगते. तसंही तुम्हाला घरातल्या गोष्टींच्या आधी कामाचंच ऐकायला आवडायचं.

आता अशा गाड्या निघाल्यात की बटण दाबलं की छतातली काच मागं सरकते आणि डोक्यावर आभाळ उघडं होतं. सनरूफ म्हणतात त्याला. ज्यांच्या गाडीला ती नसते ते बाहेरून बसवून घेतात, आणि अक्कलकोट रोडला हे काम आता मी करते. तुम्ही असता तर पहिल्याच दिवशी म्हणाला असता, "जल्मभर मी लोकांची डोस्की झाकली, आन् माझी पोरगी छपराला भोकं पाडतीया." हे वाक्य मी तुमच्या आवाजात इतक्या वेळा ऐकलंय की तुम्ही ते कधी म्हणालाच नाहीत यावर विश्वास बसत नाही. करवत हातात घेतली की दर वेळी ऐकू येतं, आणि दर वेळी मी मागं वळून तुमच्या कोपऱ्याकडं बघते. तिथं आता काचेचं कपाट आहे.

मामांचा मुलगा गाडी घेऊन आला तेव्हा मी त्याला ओळखलं नाही. गाव सांगितलं तेव्हा ओळख पटली. तो म्हणाला, "आमच्या तात्यांचे गुडघे गेलेत, सोलापूरला दवाखान्यात आणावं लागतंय. पन बंद गाडीत त्यांचा जीव गुदमरतोय बघा. जल्म सगळा मेंढरांमागं उघड्यावर गेला. अर्ध्या वाटंत गाडी थांबवा म्हंत्यात, उतरून बांधावर बसत्यात, आन् परत आत चढायला तयार न्हाईत. वर आभाळ दिसलं तर बसतील असं वाटतंय." गाडीच्या कागदांची काय ती चौकशी त्यानं आधीच करून ठेवली होती. मी हो म्हणाले. कुणाची गाडी आहे हे कळल्यावर तर नाही म्हणणं शक्यच नव्हतं.

तीन दिवस मी त्या गाडीत राहायलाच गेल्यासारखी होते. आतलं छताचं कापड अलगद उतरवलं, कागदाचा साचा छतावर चिकटवला, चारही बाजूंनी मापं घेतली, पुसली, परत घेतली. पत्रा कापायच्या आधी अजूनही मी खुणा तीनदा तपासते, कारण कापड चुकलं तर ठिगळ लावता येतं आणि पत्र्याचं तसं नाही. कडा कानशीनं घासल्या, गंज धरू नये म्हणून रंग दिला, मग रबर, मग चौकट, मग चार कोपऱ्यांतून पाणी खाली जायच्या बारीक नळ्या. शेवटी मोटरचं सेटिंग. ते म्हणजे काचेला शिकवावं लागतं, कुठवर जायचं आणि कुठं थांबायचं ते. बटण दाबून धरायचं, काच पूर्ण मागं जाते, पुढं येते, घट्ट बसते, आणि मग तिच्या ध्यानात राहतं. मध्ये काही आलं तर तिनं मागं फिरलं पाहिजे. मी तुमची लाकडी पट्टी मध्ये धरली आणि काच शहाण्यासारखी मागं फिरली. नळाला पाणी आलं नव्हतं तरी पिंपातल्या दोन बादल्या छतावर ओतल्या, आत थेंब नाही. बाजूच्या कारखान्यातले कामगार सायकली थांबवून बघत होते. एवढं सगळं होतं, फक्त बघणारे तुम्ही नव्हता. अशा वेळी कौतुक कुणाच्या तोंडून ऐकायचं होतं ते माणूस गेल्यावरच कळतं.

चौथ्या दिवशी मुलगा मामांना घेऊन आला. थकलेत फार. धोतर, खांद्यावर घोंगडी आणि डोक्यावर तोच लाल पटका, तेवढाच भरदार. दुकानात आल्यावर त्यांनी आधी गाडी बघितली नाही, जमिनीकडं बघितलं आणि म्हणाले, "हितं तुझ्या बाचं मशीन व्हतं." मी म्हणाले, आतल्या खोलीत आहे, अजून चालतं. मग आम्ही त्यांना धरून, गुडघे लांब करता यावेत म्हणून मागच्या सीटवर बसवलं, आणि त्यांचा पटका छताला टेकला. टेकला म्हणजे दबला. त्यांनी मान पुढं घेतली, मग बाजूला घेतली, बघितलं की कुठंच जमत नाही, आणि मग पटका काढून मांडीवर ठेवला. म्हणाले, "लई ग्वाड झालंय काम, पोरी."

अप्पा, मी त्या माणसाला कधी उघड्या डोक्यानं बघितलं नव्हतं. त्यांच्या घरच्यांनी तरी किती वेळा बघितलं असेल! कपाळावर जिथवर पटका येतो तिथवर रापलेलं काळं, आणि वर एकदम फिकट, ऊन न लागलेलं डोकं. मुलगा सहज म्हणाला, "गाडीत पटका कशाला लागतोय, तात्या?" मामा मांडीवरचा पटका चाचपत राहिले. चूक माझी होती आणि मला ती लगेच दिसली. उघडल्यावर काच जाते कुठं? मागच्या सीटच्या वर, छताच्या आत. तिला जागा द्यायला तिथलं छत दोन-अडीच इंच खाली येतं. मी गाडीची सगळी मापं घेतली होती. गाडीत बसणाऱ्या माणसाचं घेतलं नव्हतं, आणि तेही कुणाच्या मुलीनं, तर तुमच्या.

कारण तुम्ही कसं करायचा ते मला अजून डोळ्यांपुढं दिसतं. मी कॉलेजातून येऊन पायरीवर बसलेय, आणि दारात मामांची जीप उभी आहे, कोकरं बाजारला न्यायची ती. टप अजून कापलेला नाही, नुसत्या लोखंडी कमानी उभ्या आहेत. तुम्ही मामांना सीटवर बसवता, पटक्यासकट. आत चढता, त्यांच्या पटक्यावर तुमची चार बोटं आडवी ठेवता आणि वरच्या कमानीला खडूची खूण करता. मग म्हणता, "चला." दोघं जीप घेऊन होटगीच्या वाटेवरच्या खड्ड्यांतून फिरून येता. मामा ओरडून सांगतायत, "लागलं न्हाय की!" आणि तुम्ही हसताय. गिऱ्हाइकाची बायको सोबत असली तर तिलाही बसवायचा, पदर डोक्यावर घेऊन, मांडीवर लेकरू घेऊन. मी एकदा विचारलं होतं, एवढं कशाला? तुम्ही कात्री खाली ठेवून म्हणालात, "छप्पर गाडीवर बेतायचं नसतंय, मान्सावर बेतायचं." तुम्हीही मेंढरांच्या घरातलेच, तुमच्या वडिलांचं डोकं कुठल्या तरी टपाला लागलं असेल, असं मला आज वाटतं. तेव्हा विचारायला हवं होतं.

आणि आता ते सांगते. मी पुण्याहून कोर्स करून आले, दुकानाला काचेचं दार लावलं, सीट कव्हरं आणि म्युझिक सिस्टीम मांडल्या, आणि माझ्या डोक्यात हवा गेली. नव्या गाड्यांचे तरुण मालक यायचे, आणि तुम्ही त्यांनाही म्हणायचा, "बसा वाइच, डोस्कं बघू द्या." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एका दुपारी गिऱ्हाईक गेल्यावर मी म्हणाले, "अप्पा, हे डोकी मोजायचं आता बंद करा. लोक हसतात." तुम्ही विचारलंत, "कोन हसतंय?" तुमच्या आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होता. मला माहीत होतं की कुणा पोरासोराचं नाव घेतलं तर तुम्ही झटकून टाकाल. म्हणून मी म्हणाले, "मोडनिंबचे मामासुदिक हसत होते परवा." तुम्ही हातातला खडू खिशात टाकलात. मग "बरं" म्हणालात आणि आत जाऊन बसलात. त्यानंतर तुम्ही कुणाच्या डोक्याला हात लावला नाही. मामा आले तर मान वर न करता म्हणायचा, "काम हाय." ते तीनदा आले, मशीनपाशी उभे राहिले, चहा न घेता गेले, आणि मग यायचे थांबले. मी रोज ठरवायची की आज सांगते, आणि रोज जिवावर यायचं. तुम्ही गेलात तेव्हा ते मातीला आले होते. कोपऱ्यात गाठून त्यांनी विचारलं, "पोरी, माझं काय चुकलं व्हतं गं?" मी म्हणाले, "काय न्हाय मामा, तब्येतच बरी नव्हती त्यांची."

तर त्या दिवशी मी मुलाला म्हणाले, गाडी आज देत नाही, संध्याकाळपर्यंत थांबा. छत वर नेता येत नव्हतं, पण माणूस खाली घेता येत होता. मागची सीट बाहेर काढली, कव्हर उसवलं, आतला जाड फोम काढून पातळ आणि कडक घातला, खाली नवारीच्या पट्ट्या ताणून बांधल्या, तुम्ही जीपच्या सीटला बांधायचा तशाच. कव्हर नव्यानं बेतलं आणि तुमच्या मशीनवर शिवलं. मामा शेजारी स्टुलावर बसून होते, पटका परत बांधून. मध्येच म्हणाले, "तुझा बाप दोरा दातानं तोडायचा." मीही दातानंच तोडत होते, माझ्या लक्षात नव्हतं. आत बसवल्यावर मी त्यांच्या पटक्यावर बोटं आडवी ठेवली. माझी बोटं बारीक, म्हणून पाच ठेवली. जागा होती. मला तिथंच रडू आलं असतं, पण मामा म्हणाले, "व्हय, बापागतच मोजतीस की," आणि मग मला हसावं लागलं.

मुलगा चहा सांगायला गेला. मी पुढच्या सीटवर बसून बटण दाबलं. काच सरकली आणि पाच वाजताचं सोलापूरचं ऊन मामांच्या तोंडावर पडलं. त्यांनी वर बघितलं, बराच वेळ. डोळे मिटले, उघडले. मग वरच बघत म्हणाले, "पोरी, तुझा बाप माझ्याशी का तुटला गं? मी लई इचार केला. माझ्या तोंडातनं काय गेलं असंल का?" अप्पा, दुकानात दुसरं कुणी नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं. त्यांचं वय बघता हा प्रश्न ते आणखी किती वेळा विचारू शकतील हे मला कळत होतं. आणि मी म्हणाले, "मामा, जरा थांबा हं, सेटिंग करायचं राहिलंय." मी काच बंद केली, उघडली, परत बंद केली. मग मुलगा चहा घेऊन आला.

परवा मुलाचा फोन आला. दवाखान्याला येताना तात्या आता वाटेत उतरत नाहीत, वर बघत बसतात, म्हणाला. मी आनंदानं ऐकलं आणि फोन ठेवल्यावर तुमच्या मशीनपाशी जाऊन बसले. तुमची फार आठवण येते, अप्पा. तुम्ही रागावला असता तरी चाललं असतं. चार दिवस बोलला नसता, पण मग स्वतः उठून मोडनिंबला गेला असता, आणि तुमच्याबरोबर मीही गेले असते.

हे कागद मी घडी करून ठेवणार आहे. तुम्हाला पाठवायला पत्ता नाही हे खरं, पण मामांना सांगायचं सोडून मी तुम्हाला लिहिते त्याचं कारण वेगळंच आहे. तुम्ही उलट काही विचारत नाही, म्हणून लिहिते. मोडनिंबला इथून एसटी तासाभरात पोचते. आणि मामांना राहिलंय म्हणाले ते सेटिंग आदल्या दिवशीच झालेलं होतं.