गप्प म्हणजे सगळं ठीक

चि. ढब्बूस,

मावशीचा आशीर्वाद, आणि दाढी आली असली तरी एक गालगुच्चा. वेळेवर जेवतोस ना? (खरं सांग. तू थापा मारतोस तेव्हा अक्षर तिरकं होतं.) आम्ही बरे. तुझ्या काकांचा गुडघा तेवढा कुरकुरतो, पण काका बोलायला लागले की तोही गप्प बसतो.

पत्रास कारण की, मी कॉम्प्युटरच्या त्या लिनक्सच्या परीक्षेला बसतेय. हसून झालं? पुढे वाच. तू त्या परीक्षेत दोनदा आपटलास आणि पुस्तक, जुना कॉम्प्युटर इथेच टाकून गेलास. पुस्तकावरची धूळ झटकायला घेतली, सहज उघडलं, आणि धूळ राहिली बाजूला. त्यात 'मॅन' नावाची कमांड आहे. मॅन लिहायचं, पुढे जे अडलंय त्याचं नाव; इत्थंभूत माहिती देतो. विचारल्यावर सरळ उत्तर देणारा मॅन मला या वयात भेटला! (काकांना सांगू नकोस.) दुसरी 'सुडो', म्हणजे थोरल्याच्या अधिकाराने काम करून घेणं. भांडी घासताना मी 'सुडो, सुडो' घोकत होते, तर काका दारात येऊन विचारतात, "अगं, सूड कुणावर? काल मीठ जास्त झालंय म्हटलं म्हणून?" तेव्हापासून ताटात पडेल ते मुकाट खातात. शिक्षण वाया जात नाही ते असं.

परवानग्यांचा धडा मात्र मला आधीपासूनच येत होता. मालक, गट आणि इतर. म्हणजे घरधनी, भाऊबंद आणि परके. कुणी नुसतं बघायचं, कुणी हात लावायचा, हे संसारात मुरलेल्या बाईला पुस्तकाने शिकवावं? त्याच तोऱ्यात माझ्या सरावाच्या फोल्डरला कुलूप घातलं: कुणालाच कसलीही परवानगी नाही. कुणालाच म्हणजे मलाही नाही, हे एंटर दाबल्यावर उमगलं. सगळा सराव आत, मी बाहेर, आणि परीक्षा येत्या रविवारी! किल्ली आत विसरून दार ओढून घेतल्यासारखी बसलेय. हे तुझ्याशिवाय कुणाला सुटायचं नाही. ये.

या यंत्राची एक खोड मला फार आवडली. चुकलं की आरडाओरडा, जमलं की चिडीचूप. आधी मी दर वेळी स्क्रीनला 'झालं का रे बाबा?' विचारत बसायचे. आता कळलं, गप्प म्हणजे सगळं ठीक. पण तूही निकालापासून गप्प आहेस, फोन उचलत नाहीस, आणि या गप्प बसण्याचा अर्थ काही लागत नाही. मॅनपुढे तुझं नाव लिहून पाहिलं. नोंद नाही म्हणाला. (तोही शेवटी पुरुषच.)

तुझी,
दाराबाहेर बसलेली मावशी

ता.क. थाप माझ्या पोटात टिकत नाही. कुलूप मीच उघडलं. मालकाला स्वतःची काढलेली परवानगी केव्हाही स्वतःला परत देता येते, असं पुस्तकात आहे. त्या ओळीखाली पेन्सिलची रेघ तूच मारलेली आहेस. तरी ये.

ता.ता.क. रविवारच्या परीक्षेला माझ्याबरोबर तुझंही नाव घातलंय. आपटायचंच असेल तर जोडीने आपटू. येतोस की नाही ते कळवू नकोस. गप्प राहिलास की समजेन, निघालास.