ड्रायव्हरचा मान

रहिमतपूर, वैशाख १९४६. शुक्रवार, दिवेलागण.

लेकीची, कुसुमची, पाठवणी झाली. वऱ्हाडाची लॉरी चार वाजता तासगावला निघाली. पोचली असेल का? उद्यापर्यंत कळायचं नाही.

ड्रायव्हरला टॉवेल-टोपी दिली, नारळ दिला. तिथंच थांबायचं होतं. पण आमच्याकडे बाटली दिल्याशिवाय ड्रायव्हरचा मान पुरा होत नाही. मीच दिली. मांडवामागं बसून त्यानं ती संपवली. मग लॉरी सुरू करायला गेला, तर पुढून फिरवायचं हँडल इंजिनाच्या भोकात जाईना. दोनदा चुकलं. सगळे हसले. मीसुद्धा.

"आण्णा, काळजी करू नगा. बर्मात लय घाट काढल्यात," म्हणाला. पलटणीतला माणूस, म्हणून गप्प बसलो? की चारचौघांत मान जाईल म्हणून?

गेल्या महिन्यात उंब्रजजवळ प्यालेल्या ड्रायव्हरनं लॉरी उलटवली, माणसं मेली. तेव्हा चावडीवर सगळ्यांत मोठ्यानं शिव्या मीच घातल्या होत्या.

हँडल दोनदा चुकलं. मी बघत होतो.

आत्ता कुसुमच्या आईनं विचारलं, "आवं, डायव्हरचा मान ऱ्हायला न्हाई न्हवं?"

"केला," म्हणालो.

पोरीला मागं धक्के बसतील म्हणून मीच तिला पुढं, त्याच्या शेजारी बसवलंय.